मनगटावरचं घड्याळ कुणाचं?

नेटला कुठं जात कळते, असं एक सद्गृहस्थ परवा मला ऐकवत होते. बरोबर. तळ्यालाही कळत नव्हती. १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोले ठराव पास झाला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. आपल्या माणसांनी त्या पाण्यात हात घातला तो २० मार्च १९२७ ला, आणि त्यापायी मार खाल्ला. ‘खुलं’ या शब्दावर भाळणं आपल्याला परवडत नाही, दोस्तांनो.

नेट या देशात सगळ्यांना खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. (मुहूर्त बघा!) त्यानंतर बावीस वर्षांनी, २०१७-१८ साली, सरकारच्याच नमुना पाहणीत काय निघालं? १०० घरांपैकी जेमतेम ११ घरांत कॉम्प्युटर. खेड्यात ४. नेटची सोय शहरात ४२ घरांना, खेड्यात १५. पुढं डेटा स्वस्त झाला, फोन झोपडपट्टीत घुसला, कबूल. पण फोनवर रील बघणं वेगळं आणि कॉम्प्युटरवर बसून कोड लिहिणं, नकाशा काढणं, हिशेब मांडणं वेगळं. एकात पोरगं गिऱ्हाईक होतं, दुसऱ्यात कारागीर. आपल्या हातात पहिलं ठेवलंय.

२०२० च्या लॉकडाऊनमधे आमच्या गल्लीत एका घरात तीन पोरं आणि एक फोन, तोही बापाच्या खिशात. बाप सफाई खात्यात, म्हणजे लॉकडाऊनमधेही ड्युटीवर. त्याच्याबरोबर पोरांची शाळाही ड्युटीवर! याच पोरांना उद्या एअरकंडिशन्ड खोलीत बसवून विचारतील, मेरिट कुठाय? आणि तिथं राखीव जागाही नाही, कारण कंपनी खाजगी.

तंत्रज्ञान आपल्यापर्यंत पोचत नाही म्हणतात. च्यायला, पोचतं की! नागपूर आणि चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. माणूस कुठं उभाय, किती वेळ उभाय, सगळं साहेबाच्या पडद्यावर. पगार कापला जातो म्हणून कामगारांनी बोंब मारली. नागपूर! जिथं १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथं. कुठल्या इंजिनीयरच्या, कुठल्या कमिशनरच्या मनगटाला असलं घड्याळ बांधलंय? बिनसंरक्षण माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरतात, मरतात. त्यांच्या जागी यंत्र घ्यायचं म्हटलं की तिजोरी रिकामी. पाळतीला मात्र पैसा आहे.

रोजगार हमीचंही तेच. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रानं ती देशाला दाखवली. १ जानेवारी २०२३ पासून तिची हजेरी ॲपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. माती खणलेली, घाम गाळलेला, पण रेंज नाही, फोटो चढला नाही, तर हजेरी नाही. मजुरी कसली मागतोस?

आणि याला विकास म्हणायचं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून जगाच्या केबली वर येतात, ऐरोली-महापेला डेटा सेंटरं उभी राहतात. केबलचा चर खणणारे हात आपले. त्यातून जो माल वाहतो त्यात आपला हिस्सा विचारला की ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणतात पुढं, तीन महिन्यांचं, टायपिंगचं.

मला सर्टिफिकेट नको. अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतला पैसा वस्तीत कॉम्प्युटर बसवण्यावर किती गेला, तो आकडा पाहिजे. वस्तीतल्या पालिका शाळेची कॉम्प्युटर खोली संध्याकाळी सहा ते दहा उघडी पाहिजे, विहारातही तशी सोय पाहिजे. आणि रेंज नाही म्हणून रेशन, मजुरी, स्कॉलरशिप अडली तर तिथल्या तिथं कागदावर सही घेऊन काम झालं पाहिजे.

सुरुवात वॉर्ड ऑफिसातून करतोय. माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय : गेल्या वर्षी शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीला किती दिवस कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडं होती? दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर दीडशे शब्दांत. नमुना माझ्याकडं आहे. या आणि आपापल्या वॉर्डासाठी घेऊन जा.