क्युबात संसार स्वस्त पडतो म्हणे! आधी अंड्यांचा हिशोब करू

मागच्या व्हिडिओत क्युबाचा विषय मी दोन मिनिटांत गुंडाळला आणि नेमके त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. व्हिडिओत आकडे धड दाखवता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

विषय निघाला तो आपल्या बॅचमधल्या एका मुलामुळे. मुलगा म्हणजे वय ३८ हां. घरून थ्रीडी ड्रॉइंगची कामं करतो, क्लायंट बाहेरचे, महिन्याला साधारण १,२०० डॉलर येतात. बायको योगाचे क्लास घेते. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. याने कुठेतरी बघितलं की क्युबातल्या सिएनफुएगोस शहरात चौघांचं कुटुंब ७०० डॉलरमध्ये मजेत राहतं. झालं! चिंचवडचा फ्लॅट विकायचा, तिकडे समुद्राजवळ घर घ्यायचं, खाली आपण राहायचं, वर योगा होमस्टे काढायचा. मला म्हणाला, "सर, तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही. का नाही म्हटलं, ते सांगतो.

आधी शहराबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सिएनफुएगोस हे क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोठ्या उपसागराच्या काठी वसलेलं गाव. १८१९ मध्ये फ्रेंच लोकांनी वसवलं, त्यामुळे रस्ते सरळ आणि चौकोनी, घरांना उंच खांब. जुना भाग २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथले लोक गावाला 'दक्षिणेचा मोती' म्हणतात. आपल्याकडे शेअर रिक्षा असते तशी तिकडे घोडागाडी चालते. संध्याकाळी लोक समुद्राच्या कट्ट्यावर येऊन बसतात. हे सगळं बघून माणूस हरखला तर त्यात त्याचा दोष नाही. पण फिरायला जाणं वेगळं आणि रेशन भरणं वेगळं.

आता अंडी.

२०२४ मध्ये क्युबात ३० अंड्यांचा ट्रे साधारण ३,००० पेसोंना जात होता. सांगा बघू, किती डॉलर झाले? तुम्ही म्हणाल, सर, रेट सांगा. तोच तर घोळ आहे, कारण रेट एक नाहीच. २०२१ पर्यंत तिथे दोन चलनं चालायची. १ जानेवारी २०२१ ला सरकारने एकच पेसो ठेवला आणि भाव लावला डॉलरला २४. ऑगस्ट २०२२ मध्ये सामान्य माणसासाठी दुसरा सरकारी भाव आला, १२०. आणि रस्त्यावर, म्हणजे जिथे खरा व्यवहार चालतो तिथे, २०२४ मध्ये डॉलर ३०० पेसोंच्या पुढे होता. आता तोच ट्रे पहिल्या भावाने १२५ डॉलरचा, दुसऱ्या भावाने २५ डॉलरचा आणि रस्त्याच्या भावाने दहा डॉलरच्या आतला. अंडी तीच, कोंबडी तीच!

आपण सगळ्यात स्वस्त भाव धरू. दहा डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेआठशे रुपये. तीस अंडी. एक अंडं पडलं २८ रुपयांना. चिंचवडला वाण्याकडे सहा-सात रुपयांना मिळतं. स्वस्त कुठे आहे, दाखवा मला.

मग ते स्वस्त म्हणतात ते काय? ते पगाराचे आकडे असतात. २०२१ पासून तिथला किमान पगार महिना २,१०० पेसो. म्हणजे महिनाभर राबून अंड्यांचा एक ट्रेसुद्धा येत नाही. असे आकडे बघून कुणीतरी वाक्य ठोकतो की "तिथे लोक इतक्या कमी पैशात राहतात." मित्रांनो, ते राहतात ते रेशनच्या वहीवर, परदेशातल्या भावाने पाठवलेल्या डॉलरवर आणि रांगेत घालवलेल्या तासांवर. रेशनची वही तिथे १९६२ पासून आहे. तांदूळ, साखर, तेल, रोजचा एक पाव. तो पावही सप्टेंबर २०२४ मध्ये ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅमवर आला. पर्यटक व्हिसावर गेलेल्या तुम्हाला ती वही मिळणार नाही. तुम्ही जाणार खाजगी दुकानात, जिथे माल बाहेरून कंटेनरने येतो. गंमत बघा, ज्या अमेरिकेने या देशावर १९६२ पासून निर्बंध लावलेत, तिथूनच फ्रोजन चिकन येतं, आणि तेही आधी पैसे मोजून. आणि साखर! १९८९ मध्ये जो देश वर्षाला ८० लाख टनांच्या आसपास साखर काढायचा, तो आज साखर आयात करतो. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होईल.

बाजारात रताळी, केळी, पेरू, अळकुड्यांसारखे कंद मिळतात. भात आणि काळा घेवडा हे तिथलं रोजचं जेवण. पण तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, गोडा मसाला हे सगळं बॅगेतून न्यायचं. किती महिने पुरणार?

आता या मुलाच्या धंद्याकडे येऊ. त्याचं सगळं पोट इंटरनेटवर. क्युबात एकच सरकारी टेलिकॉम कंपनी आहे. मोबाईलवर इंटरनेटच डिसेंबर २०१८ मध्ये आलं. मे २०२५ च्या शेवटी कंपनीने नवे दर काढले. महिन्याला ३६० पेसोंत ६ जीबी, आणि ते संपले की पुढच्या ३ जीबीला ३,३६० पेसो. किमान पगाराच्या दीडपटीहून जास्त! कॉलेजची मुलं चिडली, निषेध केला, मग विद्यार्थ्यांना थोडी सवलत मिळाली. या मुलाची एकेक ड्रॉइंग फाईल दोन-दोन जीबीची असते. मी त्याला विचारलं, "तिसऱ्या फाईलनंतर काय करशील?" गप्प बसला.

आणि लाईट? १८ ऑक्टोबर २०२४ ला मातांझासचं सगळ्यात मोठं वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. नोव्हेंबरमध्ये परत. डिसेंबरमध्ये परत. मार्च २०२५ मध्ये परत. हे झालं मोठं संकट. रोजचं भारनियमन त्याहून वेगळं, आणि त्यात राजधानी हवानाला सांभाळलं जातं, बाकीच्या जिल्ह्यांना जास्त चटके बसतात. सिएनफुएगोसला स्वतःचं वीजकेंद्र आहे, तेलशुद्धीकरण कारखाना आहे, तरी सुटका नाही. लाईट नाही म्हणजे पाण्याचा पंप नाही, फ्रिज नाही. स्वयंपाकही बऱ्याच घरांत विजेवरच. तुमचा अमेरिकेतला क्लायंट डेडलाईनला "लाईट गेली होती" हे एकदा ऐकेल. दुसऱ्यांदा तो दुसरा माणूस शोधेल.

होमस्टेचं बोलू. घरातली खोली भाड्याने देणं तिथे १९९७ पासून कायदेशीर आहे, दारावर निळी खूण असते, आणि काही लोक ते फार सुंदर चालवतात. पण घर विकत कोण घेऊ शकतं? २०११ पासून घरांची खरेदी-विक्री खुली झाली ती क्युबन नागरिकांना आणि तिथे कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना. छोट्या खाजगी कंपन्यांचा कायदा ऑगस्ट २०२१ चा. शंभर माणसांपर्यंत कामाला ठेवता येतात. त्यातही भागीदार कोण? क्युबन नागरिक किंवा कायम परवानावाला. तुम्ही पर्यटक व्हिसावर गेलात तर ना घर तुमचं, ना कंपनी. मग कुणीतरी गोड बोलणारा भेटतो. "माझ्या नावावर करू, आपण भाऊ-भाऊ." यावर मी काही बोलत नाही. माझं पहिलं दुकान-लायसन्स मित्राच्या नावावर होतं, आणि त्या मित्राचं लग्न ठरलं त्या दिवशी दुकान त्याचं झालं. पुण्यात असून मी काही करू शकलो नाही. तुम्ही स्पॅनिश कागदांवर काय करणार?

गिऱ्हाईक तरी आहे का, तेही बघा. २०१८ मध्ये क्युबात ४७ लाख परदेशी पाहुणे आले. २०२४ मध्ये आले सुमारे २२ लाख. आणि स्वतः क्युबन लोक? २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत दहा लाखांच्या वर लोक देश सोडून गेले. ज्या गावातून लोक सामान बांधून निघालेत, तिथे आपण सामान उतरवायला चाललोय. निदान स्टँडवर उभं राहून एकदा विचारा तरी, बाबा, का निघालास?

पैसे कसे नेणार हाही प्रश्न आहेच. भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, हे कागदावर. पण क्युबाचं नाव बघितलं की डॉलरचा व्यवहार मध्येच अडतो, कारण डॉलर अमेरिकन बँकांमधून फिरतो. त्या मुलाचे क्लायंट अमेरिकन. तो क्युबातून त्यांचं काम करतोय हे कळलं तर त्यांचा अकाउंट्सवालाच आधी हात वर करेल.

आता कुटुंब. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, राग मानू नका.

मुलीची आठवी. तिथल्या सगळ्या सरकारी शाळा स्पॅनिशमध्ये. खाजगी शाळा नाहीतच. परदेशी मुलांची इंग्रजी शाळा आहे ती हवानात, म्हणजे सिएनफुएगोसपासून दोन-अडीचशे किलोमीटर. "तिथे आरोग्यसेवा फुकट आहे" असं तो म्हणाला. आहे, तिथल्या लोकांना. परदेशी माणसाला २०१० पासून प्रवासी विमा सक्तीचा आहे, आणि औषधांची टंचाई डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात नाही.

मी स्वतः एकदा कुटुंब घेऊन स्वस्ताच्या मागे धावलोय. क्युबा नाही, वापी! गाळ्याचं भाडं पुण्याच्या निम्मं होतं. महिन्याला सात हजार वाचणार म्हणून मी उड्या मारत होतो. बायको घरी ट्यूशन घ्यायची, अकरा मुलं यायची, त्याचे नऊ हजार सुटायचे. ते मी हिशोबात धरलेच नव्हते. का? कारण तो 'तिचा हातखर्च' होता ना! वापीत तिला ओळखणारं कुणी नाही, गुजराती येत नाही, एक मूल आलं नाही. चौदा महिन्यांनी परत आलो तेव्हा थोरल्याचं एक वर्ष गेलेलं. ती मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी या मुलाला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की वहिनींच्या क्लासचे महिन्याला किती येतात? त्याला आकडा माहीत नव्हता.

आता कुणी म्हणेल, सर निगेटिव्ह बोलतात. अजिबात नाही. कंपनीने पगार, घर, शाळेची फी देऊन हवानाला पाठवलं तर डोळे झाकून जा, असा अनुभव मिळत नाही. तिथल्या छोट्या धंदेवाल्यांकडून मी स्वतः शिकतो. लाईट नसताना बेकरी चालवणारे, रोज सकाळी डॉलरचा भाव बघून पाटीवरचा रेट पुसून नवीन लिहिणारे लोक आहेत ते. आपल्यातला किती जण कच्चा माल महागला तरी जुन्याच रेटने सहा महिने विकत राहतो, सांगू का नावं?

त्या मुलाला मी असं सांगितलंय. फ्लॅटला हात लावायचा नाही. सुट्टीत एकट्याने नाही, दोघांनी तीन आठवडे जायचं, तेही कडक उन्हाळ्यात, एसी हॉटेलात न राहता कुणाच्या तरी घरात खोली घेऊन. रोजचा खर्च पेसोत, डॉलरमध्ये आणि तासांत लिहायचा. तीन रकाने. तासांचा रकाना वहिनींनी भरायचा. लॅपटॉप न्यायचा आणि एक खरं काम तिथून वेळेत पाठवून दाखवायचं.

त्याने तिकिटांचे भाव काढलेत. काल वहिनींचा मेसेज आला, त्यांच्या क्लासचा आकडा घेऊन. महिन्याला साडेसोळा हजार.