कुळाची वही, खोताची वही

यूट्यूबवर चित्रफिती करून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या तरुणांमध्ये अलीकडे एक प्रथा रुजली आहे. महिना संपला की आपल्या कामाचा जमाखर्च ते प्रेक्षकांपुढे उघडपणे मांडतात. किती चित्रफिती केल्या, किती जणांनी पाहिल्या, कोणती सपशेल पडली, कंपनीकडून हाती काय आले आणि पुष्कळदा काहीच कसे आले नाही, हे सारे त्यात असते. ही प्रथा बाहेरून आली हे खरे. पण पनवेलसारख्या गावी आता तिचे कोणाला नवल वाटत नाही. प्रबळमाचीवरून कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्या चढत बोलणारा, टेनिस चेंडूच्या सामन्यांचे प्रक्षेपण करणारा, आगरी लग्नातली हळद आणि धवलारिणींची गाणी टिपून ठेवणारा, जिताड्याचे कालवण रांधून दाखवणारी, अशी किती तरी मंडळी या धंद्यात उतरली आहेत. त्यांतील काहींना आपले यश दाखवण्याइतकेच अपयशही सांगावेसे वाटते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

ज्येष्ठ मंडळी तिला हसतात. घरातली झाकली मूठ चव्हाट्यावर उघडण्याचा हा कसला सोस, असा त्यांचा प्रश्न असतो. परंतु झाकली मूठ कोणाच्या फायद्याची असते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला क्वचितच विचारला असेल. मजुरीचे दर गुप्त राहिले की लाभ मजुराचा होत नाही, मालकाचा होतो. शेजाऱ्याला काय मिळाले हे ज्याला ठाऊक नाही, तो आपल्याला मिळाले तेच रास्त समजतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या ठाणे-बेलापूर, पनवेल आणि उरणच्या शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले, ते प्रत्येकाने आपला भाव आपल्यापाशी ठेवला असता तर आले नसते.

तेव्हा वही उघडी ठेवणे चांगलेच. प्रश्न आहे तो वहीत काय लिहिले जाते याचा, आणि दुसरी वही कोणापाशी आहे याचा.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. अशा मासिक हिशेबात जमेच्या बाजूला कंपनीने दिलेले पैसे असतात आणि खर्चाच्या बाजूला मोबाइलचा हप्ता, इंटरनेटचे बिल, फार तर एखादा दिवा आणि ध्वनिग्राहक. दोहोंची वजाबाकी करून जे उरते त्याला नफा म्हटले जाते. शेतीच्या अर्थशास्त्रात ही चूक जुनी आहे, आणि ती दुरुस्त करण्याची साधनेही तेथेच तयार झाली आहेत. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो तेव्हा शेतकऱ्याने प्रत्यक्ष खिशातून केलेल्या खर्चावर थांबत नाही. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवावे लागते. आणि त्याहून व्यापक हिशेब करायचा तर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरावे लागते. स्वामिनाथन आयोगानंतर हमीभावाचा जो वाद वर्षानुवर्षे चालू आहे तो नेमका याच फरकाभोवती फिरतो. हीच फूटपट्टी चित्रफितीला लावली तर काय दिसेल? कालवण मुलाच्या वाहिनीवर दिसते, पण ते आईने रांधलेले असते. कॅमेरा बहिणीने धरलेला असतो. रात्री दोन वाजेपर्यंत कापाकापी चालते तिला ताशी काय दर लावायचा? प्रामाणिक म्हणवणाऱ्या उघड हिशेबातही ही ओळ बहुधा कोरी असते. ती भरली तर ज्याला हे तरुण ‘पहिली कमाई’ म्हणून आनंदाने दाखवतात, ती बहुतेक वेळा तोट्यात निघेल. आईच्या श्रमाचा हिशेब घरात कोणी ठेवत नव्हते, तो या नव्या वहीतही आलेला नाही. पुरोगामी तरुणांनाही हे खटकू नये याचे आश्चर्य वाटते.

आता जमेची बाजू. कंपनीच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळवण्यासाठी आधी पात्र ठरावे लागते. १००० सबस्क्रायबर हवेत, आणि बारा महिन्यांत ४००० तास प्रेक्षकांनी आपल्या चित्रफिती पाहिलेल्या हव्यात. किंवा नव्वद दिवसांत आखूड चित्रफितींना एक कोटी प्रेक्षणे हवीत. (सबस्क्रायबर हा शब्द वर्गणीदारासारखा वाटतो, पण तो वर्गणी देत नाही, हे साप्ताहिके चालवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एका प्रेक्षकाने सरासरी चार मिनिटे पाहिले असे उदारपणे धरले, तरी साठ हजार वेळा कोणी तरी थांबून पाहिले पाहिजे. तोवरचे सारे श्रम बिनपगारी. पुढे लांब चित्रफितीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून ५५ टक्के आणि आखूड चित्रफितींसाठी ठरवलेल्या हिश्श्यातून ४५ टक्के निर्मात्याला मिळतात, आणि खात्यात शंभर डॉलर साठेपर्यंत तेही हाती पडत नाहीत. ज्याची कमाई महिना पाच डॉलर आहे, त्याला आपल्याच पैशासाठी पावणेदोन वर्षे थांबावे लागते.

यात नवे काय आहे? कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, जुन्या माणसाला यात काहीच नवे वाटणार नाही. खारेपाटातील कूळ बांध घाली, पेरी, कापी, झोडपी. पिकाचा निम्मा वाटा आणि वर नाना बाबी खोताच्या घरी जात. कुळाला आपल्या घामाचा हिशेब पाठ असे. पण देण्याघेण्याचे दप्तर खोताकडे असे आणि वाद पडला की तेच दप्तर खरे ठरे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो संप सुमारे सहा वर्षे टिकवला. डॉ. आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने जाण्यास १९४९ साल उजाडले. चरीच्या कुळांनी वाटा कमी करा एवढेच म्हटले नव्हते. कूळ म्हणून आपली नोंद व्हावी, आपण या जमिनीत कोण आहोत हे कागदावर यावे, अशी त्यांची मागणी होती.

चित्रफिती करणाऱ्यांच्या उघड वहीत जी पडझड नोंदवली जाते, तिच्यातील मोठा भाग दुसऱ्याच्या दप्तरात ठरलेला असतो. पात्रतेची आजची अटच पाहा. ती जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली. त्याआधी एकूण दहा हजार प्रेक्षणे पुरत. एका घोषणेने असंख्य लहान निर्माते उत्पन्नाबाहेर गेले, आणि त्यांच्या कामात त्या दिवशी काहीही वाईट झाले नव्हते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने सीमेवरील तणावाच्या पार्श्वभूमीवर टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. निर्णयाच्या योग्यायोग्यतेचा वाद बाजूला ठेवू. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील ज्या माणसांना कोणत्याही नाट्यगृहाने कधी आत घेतले नसते, त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले, आणि त्यांचे काय झाले याची नोंद कोणत्याही सरकारी वहीत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही वाहिनी कोणी तरी परस्पर ताब्यात घेतली. सत्तरीच्या या बाईंनी नातवाच्या मदतीने गावरान पाककृती दाखवून लाखो प्रेक्षक मिळवले होते. ते सारे काही दिवस हातचे गेले. वाहिनी परत मिळाली. आजींची कीर्ती मोठी होती आणि वृत्तपत्रांनी बातमी छापली होती. ज्याचे प्रेक्षक सातशे आहेत त्याने कोणाचे दार ठोठवावे?

तरीही या तरुणांच्या मासिक निवेदनात वाक्य येते ते असे, की या महिन्यात माझे सातत्य कमी पडले, मी पुरेशी मेहनत घेतली नाही. दिवाळीच्या जाहिरातींचा हंगाम सरला की दर उतरतो आणि जानेवारीची कमाई घसरते, हा बाजाराचा क्रम आहे. कापसाचा भाव कोसळला म्हणून शेतकऱ्याने आपल्या आळसाची कबुली द्यावी, तसा हा प्रकार झाला. हिशेबाचा कबुलीजबाब होतो तो येथे. आणि कंपनीला कबुलीजबाबाचे वावडे नाही. तोही पाहिला जातो, त्यावरही जाहिरात लागते. रडवेल्या चेहऱ्याचे चित्र वर लावले की प्रेक्षक वाढतात हे कळल्यावर अपयशाला खोटी भर घालण्याचा मोह किती जणांना आवरेल? शिवाय ज्यांचे खरोखर अपयश झाले त्यांच्या वह्या मध्येच थांबतात. सातव्या महिन्यानंतर पुढचे पान नसते. मुलगा कळंबोलीच्या एखाद्या गोदामात कामाला लागलेला असतो. वाचायला उरतात त्या तगलेल्यांच्या वह्या, आणि त्या वाचून नवा मुलगा नोकरी सोडतो.

उघड्या वहीचा वाचक कोण, हाही विचार पनवेलकरांनी करावा. तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या बंडातल्या आशा आणि निराशा स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या. ती रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती पडले आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरले. तुलना मोठ्या माणसाची आणि मोठ्या प्रसंगाची आहे, ती ताणू नये. पण ज्याच्या हाती सत्ता असते तो आपली वही आपल्यासाठी वाचत नाही, एवढे त्यातून घेण्यास हरकत नाही. गेल्या महिन्यात दोन हजार रुपये मिळाले असे जाहीर करणाऱ्याला पनवेलचा दुकानदार जाहिरातीसाठी पाचशेच देऊ करील. सरकारनेही उघडेपणाची अट घातली ती निर्मात्याला: पैसे किंवा भेटवस्तू घेऊन मालाची शिफारस केली तर तसे स्पष्ट सांगावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. ते योग्यच आहे. फक्त तशी अट कंपनीच्या दप्तराला नाही.

जर्मनीत यॉर्ग श्प्राव्हे नावाच्या, गलोलीचे प्रयोग दाखवणाऱ्या गृहस्थाने २०१८ साली यूट्यूबवाल्यांची संघटना काढली, तेव्हा ते विनोद करत आहेत असे पुष्कळांना वाटले. पुढच्याच वर्षी धातुकामगारांची बलाढ्य संघटना ‘आय. जी. मेटल’ त्यांच्या मदतीस आली. मागण्या साध्या होत्या: चित्रफितीचे उत्पन्न का कापले त्याचे निश्चित कारण द्या, निर्णयाचे निकष सांगा, बोलायला यंत्राऐवजी माणूस द्या, आणि वाद पडल्यास तो सोडवणारी स्वतंत्र व्यवस्था करा. खोताच्या दप्तराची नक्कल मागण्यासारखेच हे होते.

आपल्याकडे कायद्याची एक फट उघडी आहे, आणि ती फारशी कोणी पाहिलेली दिसत नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या सातव्या अनुसूचीत ज्या नऊ प्रकारच्या मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावयाची आहे (कामगारांना देय असलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची मर्यादा सांभाळून), त्यांत टॅक्सी आणि जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांबरोबर आशय आणि माध्यम सेवा असाही एक वर्ग आहे. म्हणजे कंपनीचा वर्ग कायद्याने ओळखला. चित्रफीत करणारा त्या कंपनीचा कामगार आहे की नाही, हे मात्र कोणी विचारल्याशिवाय ठरणार नाही. एकट्याने विचारून ते ठरण्याजोगे नाही. पनवेल, उरण, खालापूर येथील वीस-पंचवीस जणांनी आपापल्या वह्या एका टेबलावर ठेवाव्यात, हजार प्रेक्षणांमागे कोणाला काय दर मिळाला तो महिन्याच्या तारखेने शेजारीशेजारी मांडावा, दर कोणत्या दिवशी सर्वांचा एकदम उतरला ते पाहावे, घरच्या श्रमाची कोरी ओळ भरावी, आणि थांबलेल्या वह्यांचे मालक शोधून त्यांचीही पाने त्यात घालावीत. मग हा गठ्ठा घेऊन कामगार आयुक्तांच्या कचेरीत जावे आणि सातव्या अनुसूचीतील तो वर्ग त्यांच्यापुढे ठेवावा.