शिकवणीचा खरा अधिकार
कवळाणे गावचा निरक्षर गोपाळराव १८७५ साली दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर येऊन सयाजीराव झाला, तेव्हा त्याच्या अध्ययनाचा सर्व भार एकाच गुरूवर टाकण्यात आला नाही; इलियट साहेबांनी नित्याचे अध्यापन सांभाळले, तर राज्यकारभाराची तत्त्वे दिवाण टी. माधवरावांनी व्याख्यानांतून उलगडून दाखविली. याच सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे मला फार मोलाचे वाटते. पण सर्वांसाठी खुल्या झालेल्या शाळेचा शिक्षक साठ मुलांचा असतो. शिकवणीचा शिक्षक मात्र एकाच मुलाजवळ बसून, त्याचे गणित नेमके कोणत्या पायरीवर अडले हे धीराने शोधू शकतो. परीक्षेतील संभाव्य प्रश्नांची उत्तरे घोकून घेण्यात हा दुर्मीळ अधिकार खर्ची पडावा, याचे मला मनापासून दुःख होते.