औषध हे व्यसन नव्हे

व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रोगी आहे, ही भूमिका महाराष्ट्रातील परिवर्तनवादी चळवळीला नवी नाही. 1980च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द शिरला, तेव्हा 1986 साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले ते याच भूमिकेवर. परंतु रोग मान्य करावयाचा आणि त्यावरील औषधाला मात्र नाक मुरडावयाचे, ही विसंगती समाजात अजून टिकून आहे.

गर्द आणि हेरॉइन ही अफूचीच संतती. त्यांच्या आहारी गेलेल्या रोग्यास ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोन योग्य मात्रेत नियमित दिल्यास तलफ आणि अंगाची तडफड थांबते. झिंग न येता तो पुन्हा कामावर उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक ठरविली. फ्रान्सने 1990च्या दशकाच्या मध्यास सामान्य डॉक्टरांच्या हाती ब्युप्रेनॉर्फिन दिले आणि चारच वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू सुमारे चार-पंचमांशाने घटले.

तरीही ‘एक व्यसन सोडून दुसरे धरले’ हा टोमणा रोग्यास ऐकावा लागतो. ‘गोळी कधी सोडणार?’ हा घरच्यांचा तगादा तर जीवघेणाच ठरू शकतो. औषध अकाली बंद झाले की तलफ परतते. शरीराची पूर्वीची सहनशक्ती मात्र ओसरलेली असते. एके काळी पचणारी मात्राच मग श्वास थांबवते. मधुमेह्यास इन्सुलिन सोडण्याचा मुहूर्त कोणी विचारत नाही. मग हा निराळा न्याय का?

हा प्रश्न श्रमिकांच्या पोटाशीही निगडित आहे. पंजाबात 2017पासून सरकारी दवाखान्यांतून हे औषध मिळू लागले, हे स्वागतार्हच. पण प्रारंभी अट होती रोज येऊन गोळी घेण्याची. ट्रकचालकाने किंवा शेतमजुराने रोजची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावयाचे काय? 2020च्या टाळेबंदीत अनेक दिवसांच्या गोळ्या घरी देण्यात आल्या. म्हणजे ती अट अटळ नव्हती. गोळ्या काळ्या बाजारात जातात ही तक्रार खोटी नाही. पण तिचा बंदोबस्त देखरेखीने करावा, रोग्याचे औषध तोडून नव्हे.

एम्सच्या 2019च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक या देशात आहेत. 1985चा कायदा मात्र सेवनालाही शिक्षा सांगतो. तुरुंगाची भीती आणि समाजाची लाज यांच्या कचाट्यात सापडलेला माणूस दवाखान्याची पायरी चढणार कसा?

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे औषध मोफत आणि गरज असेल तितकी वर्षे मिळाले पाहिजे. त्यासोबत समुपदेशन आणि हाताला काम मिळाले पाहिजे. वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरावी. रोगी किती वर्षे गोळी घेतो हे मोजण्याऐवजी तो आपल्या माणसांत परतला की नाही, हे पाहावे. मुक्तीची खरी खूण तीच होय.