आपली बोली छापील पानावर

गेल्या वर्षभरात जी मराठी पुस्तके वाचनात आली, त्यांतील बरीचशी आपल्याच मुलखातली निघाली. कागल, निपाणी, बेळगाव, यमनापूर ही गावे एका दिवसात बसने फिरून येता येतील इतकी जवळ आहेत. त्या पुस्तकांविषयी माझे जे मत बनले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

सर्वांत अधिक रमलो तो प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’मध्ये. संत हे बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. ‘वनवास’ १९९४ साली निघाले आणि त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ व ‘झुंबर’. चारही पुस्तकांचा नायक लंपन हा आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांपाशी राहून शिकणारा शाळकरी मुलगा आहे. या कथांत मोठे असे फारसे काही घडत नाही. शाळा, मित्र, सुमी, गाण्याचा वर्ग, बस्स. तथापि लंपन स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि ते तोंड आपल्याकडचे आहे. कानडी वळणाचे मराठी तो इतक्या सहजपणे बोलतो की, हे पुस्तकात कसे आले, असा प्रश्न वाचताना पडतच नाही. पडतो तो पुस्तक मिटल्यावर.

कारण एरवी आपल्या मुलांना याच्या उलट शिकवण मिळत असते. आपल्याकडील मुलगी घरात ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते. तिची आई, आजीही तसेच म्हणतात. निबंधाच्या वहीत तेच वाक्य उतरले की त्याखाली तांबडी रेघ येते. परीक्षेपुरते प्रमाण मराठी लिहिता आलेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु रेघ ओढताना ‘हे लेखी भाषेत चालत नाही’ असे सांगणे निराळे आणि ‘हे अशुद्ध’ असे सांगणे निराळे. दुसरे ऐकून मुलगी वर्गात बोलणेच कमी करते. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कानडीतूनच मराठीत आले असे जाणकार सांगतात; ते पुण्यात कोणी अशुद्ध मानीत नाही. मग आपल्या ‘काय की’लाच एवढी शिक्षा का?

याच संदर्भात पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ पुन्हा वाचले. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या काळच्या स्नेहातून उतरलेले हे व्यक्तिचित्र ‘गणगोत’मध्ये आहे (१९६६). रावसाहेबांचे कानडी-मराठी मिश्र बोलणे साऱ्या महाराष्ट्राला हसवून गेले. हसू मलाही येते. मात्र आपले हसणे वेगळे आहे; आपण ओळखीच्या माणसाला पाहून हसतो, दूरचा वाचक बोलण्याच्या चमत्कारिकपणाला हसतो. पु. लं.चा मोठेपणा हा की, लेख संपेपर्यंत त्या दूरच्या वाचकालाही त्यांनी त्या माणसाच्या प्रेमात पाडले. तरीही आपली बोली विनोदापुरतीच पुस्तकात यावी, हे मला पुरेसे वाटत नाही.

ती उणीव डॉ. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ने भरून काढली. निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत कागल लागते, तेथला हा मुलगा. बापाला तो शेतात हवा आहे, त्याला स्वतःला शाळेत जायचे आहे. जवळजवळ सारे पुस्तक म्हणजे या दोन इच्छांची कुस्ती होय. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मला ती काही ठिकाणी लांबलेली वाटली, कष्टांची वर्णने पुनःपुन्हा येतात. पण विचार करता असे वाटते की, मोट, पाणी, जनावरे यांचा तो फेराच रोजचा होता. तो थोडक्यात आटोपला असता तर त्या मुलाचे शाळेकडे धावणे इतके जिवाला लागले नसते. बापालाही लेखकाने निव्वळ दुष्ट केलेले नाही. पोटाची चिंता असलेला माणूस पुस्तकाला का भितो, हे तेथे दिसते.

‘झोंबी’ वाचून डोळे पाणावतात, ‘बेरड’ वाचून मान खाली जाते. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती (निधन २०१७) यांचे हे आत्मकथन. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यान्वये काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का राहिला. चोरी कोठेही होवो, संशय बेरडांवर. आपल्या गावाच्या वेशीपाशी हे चालू होते, आणि आपण ते पुस्तकातून वाचतो आहोत! कल्पित कादंबरी म्हणून ते बाजूला ठेवण्याची सोयही येथे नाही.

‘स्वामी’विषयी थोडेच लिहितो. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आपले शेजारीच. १९६२ ची ही कादंबरी आजही घरोघरी वाचली जाते. तिच्यातील भाषा भरजरी आहे. पण तो दरबार पुण्याचा, त्यात आपल्याकडची बोली शोधणे व्यर्थ.

अखेरीस निपाणीचे महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. २०२४ साली ते निवर्तले. तंबाखूच्या वखारी, मोटारींचे गॅरेज, ड्रायव्हर-क्लीनर यांचे जग त्यांनी तेथल्याच बोलीत लिहिले, आणि ही बोली विनोदासाठी नव्हे, तर जगण्यासाठी वापरलेली आहे. ‘रावसाहेब’ ज्यांना तोंडपाठ आहेत, अशा आपल्याकडच्या कितीतरी घरांत मोऱ्यांचे एकही पुस्तक नाही. येत्या सुटीत लहानांनी ‘वनवास’ घ्यावे, आठवी-नववीच्या मुलांनी ‘झोंबी’. ‘बेरड’ मात्र वडीलधाऱ्यांनी मुलांच्या जोडीने वाचावे. आणि मोऱ्यांची एखादी कथा आजीला मोठ्याने वाचून दाखवावी. तिला कोणताही शब्द अडणार नाही.