भिडेखातर घेतलेली लिपस्टिक

"हाय डिअर! ओळखलंस का?"

असा मेसेज सहा वर्षांनी आला की आपण आधी डीपी बघतो. मीही बघितला. अरे, ही तर माझी हॉस्टेलची रूममेट! आणि दिसत होती सॉलिड. स्ट्रेट केलेले केस, ब्लेझर, मागे कुठल्याशा स्टार हॉटेलची लॉबी आणि स्टेटस काय, तर 'लिव्हिंग माय ड्रीम'. महिनाअखेरीस एका मॅगीचे दोन वाटे करणारी हीच का ती? मी जाम खूश. "सहजच भेटू गं, किती वर्षं झाली," असं म्हणाली आणि एफसी रोडवरच्या एका कॅफेत भेटायचं ठरलं.

पहिली दहा मिनिटं मस्त गेली. मेसच्या काकू, रेक्टरबाईंची शिट्टी, कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं. अकराव्या मिनिटाला तिने एकदम सीरियस चेहरा करून विचारलं, "तू तुझ्या इन्कमवर हॅपी आहेस का गं?"

आता हा प्रश्न फ्रीलान्स पत्रकाराला विचारायचा? 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकते. मी हसले. तिने पर्समधून गुळगुळीत कॅटलॉग काढला. क्रीम, सीरम, काजळ, लिपस्टिक. "पण हे प्रॉडक्टचं नाहीये हं," ती घाईघाईने म्हणाली. "ही ऑपॉर्च्युनिटी आहे."

तुम्हालाही असा फोन, असा मेसेज कधी ना कधी आलाच असेल. ऑफिसातल्या एचआरवालीकडून, जिममधल्या मैत्रिणीकडून, नाहीतर थेट वहिनीकडून. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नावं बदलतात, स्लाइड्स त्याच असतात.

तर त्या रविवारी मी कर्वे रोडवरच्या एका हॉलमध्ये जाऊन बसले. प्रवेश फी तीनशे रुपये. सकाळी दहा वाजता कानठळ्या बसवणारं म्युझिक, टाळ्या, शिट्ट्या. मग सूटमधले एक 'सर' स्टेजवर आले. त्यांनी आधी कारची चावी दाखवली आणि मग बँकॉकचे फोटो. 'नोकरी करणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याचं स्वप्न पूर्ण करतो' हे वाक्य त्यांनी चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा टाळ्या पडल्या. नंतर बायका एकेक करून माइकपाशी आल्या. एक जण म्हणाली, "आता मला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही." आणि रडली. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. दोन तासांच्या त्या कार्यक्रमात क्रीमबद्दल मात्र जेमतेम दहा मिनिटं बोलणं झालं, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

बाहेर पडताना मी एक लिपस्टिक घेतली. ७९९ रुपये. तशीच शेड दुकानात साडेतीनशेला मिळते. पण समोर रूममेट उभी, बाजूला तिचे 'सर' उभे. नाही कसं म्हणणार?

पत्रकारितेचा किडा असल्यामुळे मी मग वाचायला बसले. गंमत म्हणजे या धंद्याची इमेज फार जुनी आहे आणि सुरुवात तर चक्क चांगली आहे. १८८६ साली अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा दारोदार पुस्तकं विकणारा माणूस होता. बायकांना पुस्तकांपेक्षा सोबतची अत्तराची फुकट बाटली जास्त आवडते, हे त्याने हेरलं आणि अत्तराचीच कंपनी काढली. तीच पुढे 'एव्हॉन' झाली. माल विकायला त्याने बायका नेमल्या. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२० साली. त्याच्या कितीतरी आधी या बायका स्वतःचे पैसे कमावत होत्या. पण ती साधी विक्री होती. बाटली विका, कमिशन घ्या. साखळीचा लोचा नंतर आला.

मग १९६३ साली टेक्सासमधल्या डॅलसमध्ये मेरी के अ‍ॅश यांनी आपली कंपनी काढली. नोकरीत त्यांना पुरुषांपेक्षा कमी लेखलं गेलं होतं, म्हणून बायकांसाठी वेगळं काहीतरी करायचं, ही त्यांची जिद्द. आणि १९६९ पासून त्या सर्वांत जास्त धंदा करणाऱ्या बायकांना चक्क गुलाबी कॅडिलॅक द्यायला लागल्या! यापेक्षा भारी जाहिरात काय असणार? रस्त्यावरून गुलाबी गाडी गेली की बघणारीला वाटणार, आपलंही होईल.

आता त्या गाडीचा फंडा ऐका. ती साधारणपणे लीजवर असते. हप्ता कंपनी भरते, पण टीमचा ठरलेला धंदा होत असेल तोपर्यंतच. आकडा खाली आला की हप्त्याचा वाटा तिने भरायचा, नाहीतर गाडी परत करायची. आणि 'धंदा' मोजायचा कसा? गिऱ्हाइकाने किती घेतलं यावर नाही, तर टीममधल्या बायकांनी कंपनीकडून किती माल उचलला यावर. माल ओठांवर लागतोय की कपाटात पडलाय, हे त्या आकड्यात दिसतच नाही. ही कंपनी २००७ मध्ये भारतातही आली होती आणि २०१३ मध्ये गाशा गुंडाळून गेली. स्वीडनची 'ओरिफ्लेम' त्याआधी, १९९५ मध्येच, इथे आली होती. आपल्या आयांच्या ड्रेसिंग टेबलवर तिची एखादी तरी डबी असायचीच.

आता स्लाइडवरच्या त्या गोलांचं गणित. 'तुम्ही फक्त सहा जण जोडा, ते सहा जण प्रत्येकी सहा जोडतील.' ऐकायला किती सोपं! मी मोबाइलवर गुणाकार केला. नवव्या पायरीला एक कोटी माणसं लागतात. अकराव्या पायरीला छत्तीस कोटी. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी होती, त्यात पाळण्यातली बाळंही आली. तेराव्या पायरीला पृथ्वीच संपते. म्हणजे कुणीतरी शेवटचं असणारच. आणि शेवटच्या पायरीवर कायम सर्वांत जास्त माणसं असतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेले कमाईचे तक्ते तपासले. बहुसंख्य लोकांना मिळाले होते वर्षाला एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी. महिन्याला ८४ डॉलरच्याही आत! आणि त्यातून माल, प्रवास, मीटिंगचा खर्च बहुतेक तक्त्यांत वजा केलेलाच नव्हता. आपल्याकडे 'अ‍ॅमवे'ची ७५७ कोटींची मालमत्ता ईडीने एप्रिल २०२२ मध्ये टाचली, तेव्हा ईडीचा आरोप हाच होता की वस्तूंच्या किमती अवाच्या सवा आहेत आणि खरा भर सभासद जोडण्यावर आहे. हे २०११ च्या तपासाचं प्रकरण असून आपण सहकार्य करतोय, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

पण आकडे बाजूला ठेवा. माझ्या रूममेटचं काय झालं?

संक्रांतीला तिने वाकडच्या फ्लॅटवर हळदीकुंकू केलं. मी मदतीला गेले होते. वाण म्हणून प्रत्येकीला फेसवॉशचं पाउच, आणि पाउचला स्टेपल केलेलं तिचं कार्ड. एक काकू ते हातात घेऊन नुसत्याच हसल्या. त्यानंतर सोसायटीतल्या बायका तिला लिफ्टमध्ये बघून मोबाइलमध्ये डोकं घालायला लागल्या, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. या वेळी 'हाय डिअर' नाही, नुसतंच, "येशील का गं?" गेले. तिने दिवाणाचं झाकण उचललं. एरवी आपण जिथे जादाच्या गाद्या ठेवतो, तिथे खोके. क्रीम, शाम्पू, चौदा लिपस्टिक. काहींची एक्स्पायरी उलटून गेलेली. "लेव्हल टिकवायला महिन्याच्या शेवटी पॉइंट्स कमी पडायचे," ती म्हणाली. "मग सर म्हणायचे, स्वतःच्या नावावर उचल, स्वतःवर इन्व्हेस्ट कर." लिव्हिंग माय ड्रीम! त्या डीपीतली लॉबी ट्रेनिंगच्या हॉटेलची होती आणि ब्लेझर नणंदेचा.

मग तिने वही काढली. तिला वाटत होतं, आपण निदान बरोबरीत तरी असू. आम्ही दोघी जमिनीवर बसून बेरीज करत होतो. अकरा महिन्यांत कमिशन मिळालं साडेचौदा हजार. माल, मीटिंगची तिकिटं, पेट्रोल, कॅटलॉग मिळून गेले ब्याऐंशी हजार. त्यातले निम्मे क्रेडिट कार्डावर. नवऱ्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बेरीज झाल्यावर तिने ती परत एकदा केली. मी काही बोलले नाही.

वहीची पानं उलटताना पहिलंच पान दिसलं. सामील झाल्यावरचं पहिलं होमवर्क असतं, शंभर ओळखीच्या माणसांची यादी. मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, जुने बॉस. माझं नाव सातवं होतं. पुढे तिच्याच सुंदर अक्षरात शेरा, 'भिडस्त आहे. नाही म्हणणार नाही.'

तिने पटकन पान उलटलं. मीही काही पाहिलं नाही असं दाखवलं. पण सगळा धंदा मला त्या एका ओळीत कळला. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. या कंपन्या नुसतं क्रीम विकत नाहीत हो, आपली भीड विकतात. क्रीम बरं असेलही. त्या दिवाणातलं एक सीरम मला खरंच आवडलं. पण दुकानात ते आपण किंमत बघून घेतो आणि मैत्रिणीकडून तोंड बघून. दुकानदाराला नाही म्हटलं की विषय संपतो. मैत्रिणीला नाही म्हटलं की संपतो तो विषय वेगळा असतो. 'स्वतःचा बिझनेस, शून्य भांडवल' असं स्टेजवरून सांगतात ना? भांडवल असतं. ती शंभर नावांची यादी हेच भांडवल. आणि ते एकदाच वापरता येतं.

ती मूर्ख नव्हती. बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी होती, इंटरव्ह्यूत प्रत्येक जण 'गॅप का?' विचारत होता. हॉलमध्ये मात्र तिला कुणी काही न विचारता टाळ्या वाजवल्या. आपल्यापैकी किती जणांना ऑफिसात टाळ्या मिळतात? अप्रेझलच्या दिवशी आठवून बघा. ती गरज खरी आहे, म्हणूनच इमेज चालते.

तर, पुढचा फोन येईल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. २८ डिसेंबर २०२१ पासून आपल्याकडे डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत. पिरॅमिड स्कीमवर बंदी आहे, सामील होण्यासाठी फी घेता येत नाही आणि विक्रेत्याने सुरुवातीलाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे आणि कशासाठी आलोय हे स्पष्ट सांगायला हवं. म्हणजे 'सहजच भेटू गं' हे नियमातही बसत नाही! सही ना? शिवाय तीन प्रश्न बिनधास्त विचारा. गेल्या वर्षी खर्च वजा जाता तुझ्या हातात किती उरले? तुझ्या डाउनलाइनमध्ये नसलेले किती जण हा माल घेतात? न खपलेला माल कंपनी परत घेते का, आणि किती दिवसांत? चावीचा फोटो हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हे.

रूममेटने नंतर नवऱ्याला सगळं सांगितलं. दोन दिवस घरात अबोला होता, मग दोघांनी बसून कार्डाचे हप्ते बांधून घेतले. उरलेला चांगला माल खालच्या पार्लरवालीने अर्ध्या किमतीत नेला. आता ती एका शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. माझ्या पेमेंटचा हिशेबही तीच ठेवते आणि फॉलोअपचे मेल इतके कडक लिहिते की पैसे वेळेवर येतात.

या संक्रांतीला तिने परत हळदीकुंकू केलं. वाण म्हणून चहाची गाळणी. त्या मागच्या वर्षीच्या काकूंनी गाळणी हातात घेतली, उलटी करून बघितली, पिशवीतही डोकावून बघितलं. कार्ड नव्हतं.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या आणि निवांत बसल्या.

ती लिपस्टिक मी त्या दिवशी पहिल्यांदा लावली. शेड बरी आहे. पण ७९९ ची नाही.