प्रेमाचा वार लावून घ्यावा
शेजार : साप्ताहिक सदर

गरजूंना घरी जाऊन भेटणाऱ्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी या ख्रिस्ती संस्थेवरच्या गेल्या लेखाला आलेली पत्रं वाचून मी चिडलो. बहुतेकांची तक्रार एकच. ही माणसं गरजूंची यादी करतात, वार ठरवतात, दोघादोघांनी घरी जातात, परत येऊन बैठकीत सांगतात. हे कसलं प्रेम? प्रेम आतून यावं लागतं म्हणे. डोंबिवलीच्या एका वाचकाने तर ‘धार्मिक ड्यूटी’ असा शेरा मारला आहे.

आतून येणाऱ्या प्रेमावर विसंबलेली माणसं मी रोज बघतो. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरांबद्दल मी पुन्हा लिहितोय, वाचकांनी सहन करावं. वरच्या मजल्यावर एकटी आजी, मुलगा परदेशी, गेटवर नोंदीचं ॲप. शेजाऱ्यांना तिच्याबद्दल कळवळा आहे, अगदी खरा आहे. पण महिनोन्‌महिने तिच्या दाराची बेल वाजवतो तो फक्त कुरिअरवाला.

आषाढीला निघालेल्या वारकऱ्याला आपण कधी विचारतो का, की यंदा आतून आलं म्हणून निघालास की तिथी आली म्हणून? तिथी आली म्हणूनच तो निघतो. पेरणी अर्धवट असेल, गुडघा दुखत असेल, मन घरातल्या भांडणात अडकलं असेल, तरी निघतो. गळ्यात माळ घातली की एकादशी आली, नेम आला. दिंडीत समोर येईल त्याच्या पाया पडायचं आणि तोही आपल्या पाया पडणार. त्या क्षणी त्याच्याविषयी मनात काय आहे, याची चौकशी कुणी करत नाही. आज कोरडेपणाने वाकलेला माणूस आळंदी ते पंढरपूर एवढ्या वेळा वाकतो की कुठेतरी फलटणच्या पुढे त्याचं वाकणं खरं होतं. या नेमाला आपण ढोंग म्हणत नाही, निष्ठा म्हणतो. मग बुधवारी संध्याकाळी पिशवी घेऊन कुणाच्या चाळीचा जिना चढणाऱ्या ख्रिस्ती माणसालाच वेगळा न्याय का?

ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं सांगत. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि वाकणं तर दोन्हीकडे आहे. ईस्टरआधीच्या गुरुवारी ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जा. फादर गुडघे टेकून लोकांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, विश्वासघात करणाऱ्या यहुदाचेसुद्धा, आणि मग एकमेकांवर प्रेम करण्याची आज्ञा दिली. आज्ञा केली, विनंती नव्हे. भावनेला आज्ञा देता येत नाही. हातापायांना देता येते.

वारीत आणि या भेटीत एक फरक मात्र आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वारी चुकली तर हळहळ वारकऱ्यालाच. इथे बुधवार चुकला तर दाराशी खुर्ची ओढून बसलेलं माणूस वाट बघत राहतं. शिवाय त्याचा अपमानही होऊ शकतो. याच आठवड्यात कल्याणला आमच्या भागात शिध्याची पाकिटं वाटली. एका बाईने पाकीट घेतलं, तर तिला थांबवून, पदर नीट करायला लावून, बॅनरखाली कॅमेऱ्याकडे बघायला लावलं. तिने बघितलं. तांदूळ हवे होते ना. याउलट, व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या बैठकीत एक पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ झाकून हात आत घालायचा, कुणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. हा नियम घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची, दोघांची लाज राखतो.

या कामाची सुरुवात एका टोमण्यातून झाली, हेही पत्रलेखकांना कळावं. १८३३ सालच्या पॅरिसमध्ये वादसभेत कुणीतरी विचारलं, तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतोय काय? वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानामकडे उत्तर नव्हतं. तो आणि त्याचा मित्र खोलीतली उरलीसुरली जळाऊ लाकडं उचलून एका गरिबाच्या घरी पोचते करून आले. पुढे सिस्टर रोझाली रांदू यांनी या पोरांना गरिबांची घरं दाखवली, भेटीला कसं जायचं ते शिकवलं. प्रेम शिकावं लागतं, हे त्यांना मान्य होतं.

धर्मांतराचा आरोपही पत्रांत आहेच. सोसायटीचा नियम मदत करताना धर्म न बघण्याचा आहे. कुणी तांदळाच्या बदल्यात माणसाची श्रद्धा मागत असेल तर त्याने प्रेमाची आज्ञाच मोडली, आणि मी त्याच्या विरुद्ध लिहीन.

आता चर्चच्या पॅरिशमधल्या मंडळींना एक सांगणं. नोकरदार पोरं कल्याण लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. तुमची बैठक संध्याकाळी सहाला असेल तर तिथे फक्त पिकलेले केसच दिसणार. वेळ बदला. आणि लोकलमधल्या भजनी मंडळांनाही सांगणं आहे. नेम तुम्हाला शिकवायला नको. तोच डबा, तीच जागा, वर्षानुवर्षं टाळ वाजताहेत. तुमच्यातले जे निवृत्त होऊन घरी बसले, ज्यांची जागा आता दुसऱ्याने घेतली, त्यांची यादी करा. वार लावून घ्या आणि दोघादोघांनी जा. पत्ते तुमच्याकडे आहेतच.